शीतलनं बसवलेला प्रोसेसर

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. पोराजवळ नाही, पोराच्या आईच्या फोटोसमोरसुद्धा नाही — आणि त्या फोटोसमोर मी रोज बोलतो बरं का, आज भेंडी जून निघाली इथपर्यंत सगळं सांगतो. पण हे नाही. तिथं तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी बाहेर पडतं. तुम्ही माझ्या ओळखीचे नाहीत, म्हणून जमेल असं वाटतंय. जमेल का? बघू.

कुठून सुरू करू? कॉम्प्युटरपासूनच करतो. ऐकायला अगदीच किरकोळ वाटेल. म्हातारा मनुष्य, जुना कॉम्प्युटर, त्याचा प्रोसेसर बदलायचा की सगळंच नवं घ्यायचं — ह्यात काय पाप होणार, असं म्हणाल. मलाही तसंच वाटलं होतं.

मी एसटीत कंट्रोलर होतो. स्टँडवर काचेच्या खोलीत बसायचं आणि माइकवर गाड्या पुकारायच्या. बार्शी, कळंब, तुळजापूर, लातूर. जन्मभर तेच केलं. माझ्या आवाजावर माणसं उठायची, बोचकी उचलायची, लेकरांना बखोटीला धरून पळायची. मी राहतो येडशीला, आणि इथं अजूनही मला नावानं कुणी हाक मारत नाही. कंट्रोलर साहेब म्हणतात. कंट्रोलर साहेब बोलले म्हणजे झालं, मग गाडी लागलेलीच असणार — अशी सवयच पडलेली लोकांना. मलाही पडली होती.

रिटायर झालो आणि दुसऱ्याच वर्षी संदीपची आई गेली. संदीप आमचा एकुलता एक, पुण्याला कंपनीत. चांगला आहे. वाईट पोरगा असता तर हे सांगणं सोपं गेलं असतं, पण तो चांगला आहे. रोज संध्याकाळी फोन करायचा. पण काय बोलायचं? आई होती तेव्हा फोन तिच्याकडंच असायचा, मी मागून "रिचार्ज संपेल" म्हणून ओरडायचो. ती गेल्यावर फोन माझ्या हातात आला आणि कळलं, की आपल्याला आपल्या पोराशी बोलता येत नाही. जेवलात का अण्णा? जेवलो. गोळ्या घेतल्या? घेतल्या. मग मी म्हणायचो, आज रामलिंगाकडची वानरं पत्र्यावर आली होती. तो म्हणायचा, काल सांगितलं की तुम्ही. मग ठेवू का, म्हणायचा. ठेव, म्हणायचो.

ठेवला की घरात आवाज म्हणजे फ्रीजचा. हजार माणसांशी बोललेला माणूस मी! हसायला येतं ना? मला नाही यायचं.

तर एके दिवशी कॉम्प्युटर अडला. संदीप शिकायला होता तेव्हाचा तो कॉम्प्युटर, मोठा डबा खाली आणि पडदा वर. त्याच्यावर मी काय करायचो? लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचो, आमच्या रिटायर मंडळींची पत्रं करायचो. आणि खरं सांगायचं तर जास्त वेळ पत्ते खेळायचो, एकट्यानं खेळायचे असतात ते. त्या दिवशी पत्तासुद्धा सरकेना. फोनवर सहज म्हणालो, अरे, हा लई हळू झालाय. आणि बघा, पोरगा एकदम जागा झाला! कुठलं काय उघडा, कुठं दाबा, काय दिसतंय, किती टक्के दाखवतंय, वाचून दाखवा. मी वाचत गेलो, तो सांगत गेला. कान तापला माझा. ठेवताना तो म्हणाला, उद्या बघू अजून.

उद्या बघू! हे दोन शब्द ऐकून मी रात्री दोन भाकरी खाल्ल्या.

त्यानंतर आमचं रोज बोलणं व्हायला लागलं. निष्कर्ष असा निघाला, की प्रोसेसर म्हातारा झालाय. आता दोन वाटा. एक म्हणजे त्याच डब्यात बसेल असा, त्याच्याच पिढीतला पण जास्त ताकदीचा प्रोसेसर आणून टाकायचा. किंवा डबाच मोडीत काढायचा आणि नवा घ्यायचा. संदीपचं म्हणणं नवा घ्या. त्या बोर्डात नव्या पिढीचा प्रोसेसर बसतच नाही अण्णा, आज हे बदललं तर उद्या दुसरं जाईल, कशाला जीव अडकवता? मी म्हणायचो, अरे, आमच्या डेपोत गाडीचं इंजिन दमलं म्हणून कुणी गाडी भंगारात काढत नाही. इंजिन उतरवतात, दुसरं चढवतात, गाडी परत रस्त्याला. तो म्हणायचा, पण त्या गाडीची चासीस तरी धड असते ना, खालचा सांगाडा? मी म्हणायचो, तूच सांग, ह्याची चासीस कशी आहे? मग तो सांगायचा. काय सुंदर सांगायचा हो! लहानपणी पाढे म्हणून दाखवायचा तसा.

मी शिकलो. खोटं नाही सांगत, बसून शिकलो. सॉकेट म्हणजे काय, कुठल्या सॉकेटला कुठला प्रोसेसर चालतो, त्याच्यावर ती पांढरी पेस्ट का लावतात, पंखा का लागतो — सगळं पाठ केलं. ह्या वयात. कशासाठी? तर संध्याकाळी एक तरी नवा प्रश्न हातात पाहिजे. ज्या दिवशी तो म्हणायचा, बरं, प्रोसेसरच बदलू, त्या दिवशी मी म्हणायचो, पण नवा घेतलेला बरा की काय? तो म्हणायचा, ठीक आहे, नवा घेऊ — की मी म्हणायचो, पण ह्याच्यात तुझ्या शिकायच्या दिवसांचं सगळं आहे रे. दिवाळीला सुरू झालेलं हे प्रकरण उन्हं तापेपर्यंत चालवलं मी. माझं काही ठरत नव्हतं असं त्याला वाटत होतं. माझं ठरलेलं होतं, की ठरवायचंच नाही.

शेवटी तो वैतागला. वैतागणारच. त्यानं स्वतःच जुन्या बाजारातून प्रोसेसर मिळवला आणि पार्सल करून पाठवला, पेस्टच्या इवल्याशा ट्यूबसकट. फोनवर म्हणाला, अण्णा, आता तिथल्याच कुणाकडून बसवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हणालो, तूच ये की. तो म्हणाला, ह्यासाठी कुठं पुण्याहून येऊ? कामाचा डोंगर आहे.

बरोबरच आहे ना? ह्यासाठी कोण येतं?

आता शीतलबद्दल सांगायला पाहिजे. इथवर आलो तसा मी रेंगाळायला लागलोय, ते मलाही कळतंय.

स्टँडसमोर महादेवचं जनरल स्टोअर्स आहे. वह्या, पेनं, झेरॉक्स, राखीच्या दिवसांत राख्या. शीतल त्याची मोठी मुलगी. धाराशिवला जाऊन तिनं कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स केला होता. रोजच्या गाडीनं जायची-यायची. दुकानातच एका कडेला टेबल टाकून बसली होती. टेबलावर पेचकस, ब्रश, आणि मागं भिंतीला हातानं लिहिलेला कागद — इथे कॉम्प्युटर व लॅपटॉप दुरुस्त करून मिळेल. लोक जाता-येता वाचायचे आणि हसायचे. पोरीची जात, हिला काय जमतंय? महादेवलाही मनातून तसंच वाटत असावं, पण पोरीच्या हट्टापुढं तो गप्प होता. सहा महिने बघतो, नाही चाललं तर टेबल उचल, म्हणाला होता तिला.

मी तिलाच बोलावलं, ती सकाळी आली. डोक्याला रुमाल, खांद्याला पिशवी. आल्याबरोबर म्हणाली, "काका, आधी हात धुते." हात धुतले, कोरडे केले, डब्याच्या लोखंडाला हात लावून घेतला, अंगातली वीज जायला पाहिजे म्हणाली. मग डबा आडवा केला, कडेचा पत्रा काढला. आत काय धूळ! ब्रशनं एवढ्या हळू झाडली, की संदीपच्या आईची आठवण झाली मला, ती देवाच्या फोटोमागचं असंच झाडायची. पंखा काढला, जुनी पेस्ट पुसली, खटका उचलून जुना प्रोसेसर वर घेतला. मग मला जवळ बोलावलं.

"ह्या बघा काका, पिना. केसावानी असत्यात. एक जरी वाकली ना, सगळा खेळ खलास."

मी चष्मा लावून बघितलं. तिनं मला दाखवलं. हौसेनं दाखवलं.

आणि काम करता-करता तिनं अजून एक सांगितलं. हायस्कूलच्या कॉम्प्युटरच्या खोलीचं काम तिला द्यायचं चाललं होतं. वर्षभर देखभाल करायची. हेडसर म्हणाले होते, आधी गावात दोन-चार घरची कामं करून दाखव, मग बघू. "तुमचं झालं की सर तुम्हालाच इचारणार हायत," ती म्हणाली. "कंट्रोलर साहेब बरं म्हणले तर मग काय, कोण न्हाय म्हणतंय!" आणि हसली. काम लागलं की बाप सहा महिन्यांचं विसरेल, असंही म्हणाली. म्हणजे मला ठाऊक होतं. सगळं आधीच ठाऊक होतं, हे मला तुमच्यापासून लपवायचं नाही.

तिनं नवा प्रोसेसर बसवला, पेस्ट लावली, पंखा चढवला, वायर जोडल्या, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा लागला. पूर्वी मी बटण दाबून चहा करायला जायचो, तो आता चहाचं पातेलं उतरवायच्या आत सगळं उघडून तयार! शीतलनं लेकरासारखी टाळी वाजवली. मी तिला शाब्बास म्हणालो. ते मनापासून म्हणालो होतो. चहा पिऊन ती गेली.

मग मी संदीपला फोन लावला. त्यानं उचलला नाही. थोड्या वेळानं त्याचा मेसेज आला — मीटिंगमध्ये आहे, बसवला ना? मग झालं तर.

मग झालं तर.

संध्याकाळी त्याचा फोनही आला नाही, दमला असेल. मी कॉम्प्युटरवर पत्ते मांडले. काय भराभर सरकत होते! डाव एका दमात सुटला. दुसरा मांडला, तोही सुटला. आता उद्या काय विचारायचं? परवा काय? वानरं आली होती म्हणून सांगायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी डबा आडवा केला.

घाईत केलं नाही. रागातही नाही. पत्रा काढला, पंख्याचे खटके सोडवले, खटका उचलला, प्रोसेसर बाजूला ठेवला — तिनं जसं केलं, तसंच केलं, शिकवलेलं होतंच. संदीपच्या आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली. आणि सॉकेटातल्या पिनांवर दाबली. जोर लागला नाही. दोन-तीन पिना आडव्या झाल्या असतील. मग सगळं होतं तसं परत बसवलं, पेस्टसुद्धा नीट पसरली, आणि बटण दाबलं. पंखा गरगरला, पडदा काळाच राहिला.

मला वाटलं होतं, संदीप येईल, सुईनंच सरळ करेल, दोन दिवस राहील, जाईल. एवढंच. शीतल माझ्या मनात नव्हती असं म्हणू का? म्हटलं असतं. पण होती. सुई हातात घेतली तेव्हा ती मनात आली होती. मी तिला बाजूला सारलं, रांगेत मध्येच घुसणाऱ्या माणसाला सारतो तसं.

संध्याकाळी फोन आला. मी म्हणालो, कॉम्प्युटर सुरूच होईना रे. आणि म्हणालो, ती महादेवची पोरगी काल बसवून गेली.

दोन वाक्यं. दोन्ही खरी आहेत, बघा तुम्ही. फक्त एकापाठोपाठ म्हणालो.

तिकडून संदीप तडकला. "पोरगी? अण्णा, तुम्ही कुणाच्याही हातात देता होय? तिनं पिना वाकवल्या असणार. चालू करून बघितला होता का तिनं?" मी म्हणालो, काय की बाबा, मी चहा करत होतो. तो म्हणाला, आता हात लावू नका, शनिवारी येतो.

शनिवारी येतो! फोन ठेवून मी घर झाडलं. शेंगदाणे भाजून ठेवले, त्याला शेंगदाण्याची आमटी आवडते. गादी उन्हात टाकली. स्टेशनवर गेलो तर गाडी यायला अजून किती वेळ होता, तरी बाकड्यावर बसून राहिलो. गाडी आली, पोरगा उतरला, माझ्या पाया पडला. मी सुखात होतो. तुम्हाला हे आवडणार नाही, पण होतो. घरी येऊन त्यानं आमटी-भाकरी खाल्ली, आणखी वाढा म्हणाला. रात्री अंगणात खाट टाकून झोपला आणि मला कामाच्या गोष्टी सांगत बसला. किती वर्षांनी!

रविवारी सकाळी त्यानं डबा उघडला. मोबाइलचा उजेड पाडून बघितलं आणि म्हणाला, हे बघा. सरळ करायला गेला तर एक पिन तुटलीच. बोर्ड गेला, म्हणाला. मग रागानं उठला, मला म्हणाला, चला.

मी गेलो. घरी थांबता आलं असतं ना? पाय दुखतोय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तो माझा हात धरून चालला होता, गर्दीतून, आणि मला तो हात सोडवेना.

रविवार म्हणजे दुकानात माणसं होती. संदीपनं सगळ्यांसमोर बोलायला सुरुवात केली. शिवी नाही दिली, पण शिवीपेक्षा वाईट बोलला. येत नाही तर कशाला करता, कोर्सचा कागद भिंतीला लावला म्हणून येतं का, म्हाताऱ्या माणसाला फसवता. शीतल स्टुलावरून उठून उभी राहिली.

"दादा, मी चालू करून दिलता," ती म्हणाली. "काकांच्या म्होरं. काका, सांगा की."

सगळं दुकान माझ्याकडं बघायला लागलं. संदीपसुद्धा. माझा आवाज — ज्याच्यावर अख्खं स्टँड उठायचं — तो आवाज त्या दिवशी एका वाक्यासाठी हवा होता. चालू झाला होता, एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "मला काय कळतंय बाबा त्यातलं."

सॉकेट मला कळत होतं. पिन कळत होती. खटका कुठल्या बाजूनं उचलायचा ते कळत होतं. महिनोन्‌महिने पोराला प्रश्न विचारून-विचारून मी तेवढंच तर शिकलो होतो. आणि मी म्हातारा झालो. उभ्या जागेवर, सगळ्यांसमोर, बिचारा म्हातारा झालो. लोकांनी मान हलवली. खरंच की, त्यांना काय कळणार?

महादेव गल्ल्यावरून उठून आला, माझ्यासमोर हात जोडले. "साहेब, पोरीची चूक पदरात घ्या." मग तिच्याकडं वळून म्हणाला, "तुला सांगत होतो, नगं त्या कामात हात घालू नगं. घालवलीस का अब्रू?" संदीप जरा वरमला, जाऊ द्या म्हणाला. घरी येताना रस्त्यात त्यानं मला विचारलं, "अण्णा, मी जरा जास्तच बोललो का?"

तेव्हाही वेळ होती. मी म्हणालो, नाही रे.

तो त्याच संध्याकाळी गेला.

पुढच्या आठवड्यात डेअरीवर हेडसर भेटले. दुधाचं भांडं हातात, जाता-जाता विचारलं त्यांनी, "काय साहेब, काय म्हणे झालं तुमच्याकडं? त्या मुलीला काम द्यावं म्हणतो आम्ही, तुमचं काय मत?" मी काय म्हणालो माहितीये? मी म्हणालो, पोरगी गुणाची आहे, कष्टाळू आहे, पण —

पणच्या पुढं मी काही बोललो नाही. हेडसर समजले. समजूतदार माणूस.

काम बार्शीच्या कुणालातरी गेलं. शीतलचं टेबल थोडे दिवस तसंच होतं, मग तिथं थंड पेयांचा फ्रीज आला. भिंतीवरचा कागद निघाला. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, तामलवाडीला दिली. मी लग्नाला गेलो होतो. अक्षता टाकल्या. महादेवनं मला पहिल्या पंगतीला बसवलं आणि स्वतः जिलेबी वाढली.

संदीपनं मला नवा कॉम्प्युटर पाठवला. तो ठरवाठरवीचा विषयच मिटला. नव्यात असं आहे, की काही बिघडलं तर तो पुण्यातून बसल्या जागी बघतो. मी नुसतं हो म्हणून दाबायचं, मग पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागतो. संदीप फिरवत असतो तिकडून. मी खुर्चीत बसून त्या बाणाकडं बघतो. कधी-कधी वाटतं, इथंच आहे तो. मग फोनवर म्हणतो, झालं अण्णा. आणि बाण थांबतो. बाकी तेच — जेवलात का, जेवलो. गोळ्या घेतल्या का, घेतल्या.

ही एवढी वर्षं अशी गेली. शीतल माहेरी आली की लांबून दिसायची. मी वाट बदलायचो.

ह्या नागपंचमीला ती घरी आली. दार वाजलं, उघडलं तर ती. कडेवर मुलगी, हातात झाकलेलं ताट. आईनं पुरणाची दिंडं दिलीत काका, म्हणाली. मी ताट घेतलं, आत ये म्हणालो. ती आली. टेबलावरच्या कॉम्प्युटरकडं एकदा बघितलं तिनं, मग खाली बघितलं. मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"काका, एक इचारू? राग न्हाय ना येणार?"

मला वाटलं, आलं. आज आलं. आणि तुम्हाला सांगतो, बरं वाटलं मला. तिनं मला तोंडावर खोटारडा म्हणावं, ओरडावं, गल्ली गोळा करावी, असं मला एकदम वाटलं. सुटलो असतो.

पण ती म्हणाली, "त्या दिवशी चालू झालता ना हो? मी बसवल्यावर? मला तर आठवतंय, झालता म्हणून. पण आता वाटतंय, मलाच तसं वाटलं असंल. खटका जोरात दाबला असंल म्या. घरचा मिक्सर बिघडला तरी उघडाया हात धजत न्हाय आता. मालक म्हणत्यात, तू तर शिकलीस की. म्या म्हणते, न्हाय, मला येत न्हाय."

ती माझ्यावर संशय घ्यायला आलीच नव्हती. तिला तो कधी आलाच नव्हता! एवढी वर्षं ती स्वतःच्याच हातांवर संशय घेत होती, आणि ज्या एका माणसानं डोळ्यांनी बघितलं होतं त्याला विचारायला आली होती.

ती उभी होती. तिची मुलगी माझा चष्मा ओढायला बघत होती. घरात आम्हा तिघांशिवाय कुणी नव्हतं. ना संदीप, ना दुकान, ना हेडसर. कुणाची लाज नव्हती की भीती नव्हती.

मी म्हणालो, "लई वर्षं झाली की गं. आता कुठं आठवतंय मला."

"व्हय," ती म्हणाली. "तुमचंबी वय झालं." टोमणा नव्हता त्यात. मायेनं म्हणाली.

मग मी आत गेलो, दिंडं दुसऱ्या भांड्यात काढली, आणि रिकामं ताट परत देऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर घातली. ती रीत मला बरोबर आठवली. तिनं ताट घेतलं, येते काका म्हणाली, आणि लेकीला घेऊन गेली.

कॉम्प्युटर चालू झाला होता. शीतलनं तो चालू करून दिला होता. मोडला मी.